एकशे एकावा नुक्ता

भद्रावतीच्या बाजारात आमचं दुकान होतं असं सांगितलं तर ती फुशारकी होईल. भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर अब्बांची एक पेटी होती, एवढंच. पेटीत हातोडी, पाच-सहा छिन्न्या आणि जाड भिंगाचा चष्मा. लग्नसराईत फॅक्टरीच्या कॉलनीतल्या बायका नवी भांडी घेऊन यायच्या आणि अब्बा त्यांच्यावर नावं टाकायचे. रेघ ओढायची नाही, ठिपके ठोकायचे. ठिपक्याला ठिपका लागून अक्षर, अक्षराला अक्षर लागून नाव. मी हे काम त्यांच्याकडेच शिकलो आणि पुढं नोकरी लागल्यावरही लग्नसराईतले रविवार त्या पायरीवरच काढले.

नाव पूर्ण झालं की अब्बा एक शेवटचा ठिपका टाकायचे. नावाच्या खाली, उजवीकडे, तिळाएवढं अंतर सोडून. त्याला ते नुक्ता म्हणायचे. उर्दूत नुक्ता म्हणजे अक्षराचा ठिपका. आमच्या घरात त्याचा अर्थ होता, काम संपलं, आता भांडं उचला. गिऱ्हाइकाला तो दिसायचा नाही, दिसलाच तर ओरखडा वाटायचा. पण दोन वर्षांनी कुणी भांडं आणून ‘तुम्हीच नाव वाकडं टाकलं’ म्हणून भांडायला लागलं, की अब्बा ते भांडं उन्हात तिरपं धरून नुक्ता शोधायचे. सापडला तर माफी मागून नाव सुधारून द्यायचे. नाही सापडला तर चहा पाजून परत पाठवायचे. मीही नाव टाकायला लागलो तेव्हा त्यांनी मला बाकी काही बजावलं नाही. "नाम पूरा हुआ तो नुक्ता लगा, उसके बाद हाथ मत लगा," एवढंच म्हणाले.

हे आधी सांगतो आहे, कारण मला लिहायचं आहे ते कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांबद्दल. आमचा नुक्ता त्या शास्त्रात बोलावल्याशिवाय जाऊन बसला आणि त्यापायी एका मुलीचं पाच वर्षांचं काम बुडायची वेळ आली.

आयटीआय झाल्यावर मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्र विभागात मेकॅनिक म्हणून लागलो. सकाळची एसटी, संध्याकाळची एसटी. नव्वदच्या दशकात विभागातलं प्रत्येक यंत्र माझ्यापेक्षा वयानं मोठं होतं. मेकॅनिकचं काम म्हणजे मागितलेलं यंत्र नसेल तर असलेल्या दोन यंत्रांतून ते काढून देणं. एका प्राध्यापकांनी सहा बंद स्टॉपवॉच माझ्यासमोर ठेवून सांगितलं, यातून तीन चालू करा. मी चार केली. चौथं कुठून आणलं म्हणून आठवडाभर ते माझ्याकडं संशयानं पाहत होते.

दोन हजार साल उलटल्यावर ‘नॅनो’ हा शब्द आमच्याकडं आला. आमचे वासेकर सर एका परिषदेला गेले आणि तो घेऊनच परतले. सर मनाचे वाईट नव्हते, फार घाबरट होते. लहान गावच्या कॉलेजात असलं काम कुणी करतं का, असं त्यांना तिथं कुणीतरी तोंडावर विचारलं होतं. तेव्हापासून आपलं काही चुकू नये या एका काळजीत ते असायचे.

त्यांच्याकडं संशोधनाला आली सुमन उसेंडी. धानोऱ्याच्या पुढं जंगलात तिचं गाव. आईवडील धानाची शेती करणारे, दिवस आले की मोहफुलं वेचणारे. घरी गोंडी, आमच्याशी झाडीची, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातली मराठी. एम.एस्सी.ला पहिली आली होती, पण विभागात तिची ओळख करून देताना आधी ‘जंगलातून आलेली’ म्हणायचे आणि मग नाव. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या वर्कशॉपच्या दारात येऊन उभी राहिली.

"चाचा, इथी सगळ्यात बारीक भोक कोणाले पाडता येते?"

"कशात पाडाचं, त्याच्यावर आहे," मी म्हणालो.

"पितळेत. कागदाहून पातळ पितळेत."

"किती?"

"शंभर. सगळे सारखे पाहिजेत. एक चुकलं तरी नाई चालणार."

नमस्कार-चमत्कार न करता थेट कामावर येणारी माणसं मला आवडतात. मी स्टूल पुढं केलं.

हे काय काम होतं ते सुमननं मला सांगितलं तसंच सांगतो, कारण सरांनी सांगितलेलं मला कधीच कळलं नाही. कार्बन आपल्या ओळखीचा आहे. कोळशात तोच, पेन्सिलीत तोच, कंदिलाच्या काजळीतही तोच. त्याच कार्बनची जाळी गुंडाळून नळी झाली आणि ती केसापेक्षा हजारो पट बारीक असली की झाली नॅनोनळी. पोलादाहून चिवट, आणि विजेला वाट देणारी. अशा नळ्या काजळीत आपोआपही होतात, पण कुठंही, गुंता होऊन. त्यांचा उपयोग करायचा तर आपण म्हणू तिथंच त्या उगवल्या पाहिजेत आणि दुसरीकडं कुठंही उगवता कामा नयेत. सुमनचा सगळा प्रबंध या एका गोष्टीवर होता की जागा आपण ठरवायची.

नळी उगवायला लोखंडाचा अगदी पातळ थर लागतो. लोखंडाची काही नळी होत नाही. दुधाला विरजण लावावं तसं ते नुसतं काम सुरू करून देतं. पुस्तकात त्याला उत्प्रेरक म्हणतात. जिथं लोखंड तिथं नळ्या. म्हणून सिलिकॉनच्या नखाएवढ्या तुकड्यावर भोकांची पट्टी ठेवायची, वर काचेचा घुमट झाकून पंपानं आतली हवा ओढायची आणि लोखंडाचा तुकडा इतका तापवायचा की त्याची वाफ व्हावी. वाफ भोकांतून खाली जाऊन बसते. पट्टी उचलली की राहतात लोखंडाचे ठिपके. मग तो तुकडा क्वार्ट्‌झच्या लांब नळकांड्यात, नळकांडं भट्टीत, आणि एका तोंडानं कार्बनची वाफ आत सोडायची. भोकांची पट्टी करणं हे माझं काम, आणि सगळी मदार तिच्यावर.

कार्बनसाठी मोठ्या संस्थांत सिलिंडरमधले वायू वापरतात. आम्ही कापूर वापरला. त्यात कार्बन भरपूर, जरा तापवला की वाफ, आणि कोपऱ्यावर मिळतो. आणायला मीच जायचो. पूजेच्या सामानाचा दुकानदार माझ्या ओळखीचा. तिसऱ्यांदा मी एवढा मोठा पुडा मागितला तेव्हा त्यानं माझ्या दाढीकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "रशीदभाऊ, घरी सगळं ठीक आहे नं?" कॉलेजात भट्टीत टाकाले पाहिजे, असं मी सांगितलं. "म्हणजे सायन्सवालेही आता आरती करून राह्यले," तो म्हणाला. त्या दिवसांत माझ्या सदऱ्याला कायम कापराचा वास. एसटीत शेजारी बसलेला माणूस नमस्कार करून विचारायचा, कुठल्या देवळातून आलात.

पट्टी करायला मला अडीच महिने लागले. शिवणाची सगळ्यात बारीक सुई सहाणेवर घासून तिचं टोक केलं. पितळेच्या पत्र्याखाली शिशाचा तुकडा ठेवला. अब्बांची लहान हातोडी घेतली. दहा ओळी, ओळीत दहा. हात एवढासा जास्त पडला की भोक फाटायचं आणि पट्टी वाया जायची. सहा पट्ट्या चाळीस-पन्नास भोकांवर मेल्या. सातवी पूर्ण झाली. सुमननं ती सूक्ष्मदर्शकाखाली धरून ओळी मोजल्या, एकेक भोक मोजलं, आणि शंभर भरल्यावर म्हणाली, "चाचा, तुमच्या हातात मशीन आहे." त्या संध्याकाळी भद्रावतीपर्यंत उभा राहून गेलो तरी पाय दुखले नाहीत.

पुढचं एक वर्ष काजळीत गेलं. भट्टी जास्त तापली की काजळी, कमी तापली की काहीच नाही. कापूर घाईनं उडाला की क्वार्ट्‌झचं नळकांडं आतून डांबरासारखं. ते धुवायचं, वाळवायचं, परत सुरू. सुमन वैतागायची नाही. वहीत लिहायची आणि दुसऱ्या दिवशी एकच गोष्ट बदलायची. मीच वैतागायचो आणि पंपाला शिव्या द्यायचो. मग एका दुपारी तिनं तुकडा बाहेर काढला तर करड्या सिलिकॉनवर काळ्या ठिपक्यांची चौकट, स्वच्छ, मखमलीसारखी काळी. कडेला नेहमीची थोडी काजळी होती, तिच्याकडं कुणी पाहिलं नाही. सुमन काहीतरी गोंडीत बोलली. काय ते मी विचारलं नाही, तिचा चेहरा दिसत होता.

पण काळा ठिपका म्हणजे नळ्याच, हे साध्या भिंगातून सिद्ध होत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तो दूरच्या एका संस्थेत होता आणि आमची पाळी यायला चार महिने लागले. तोवर सुमनच्या नोंदणीची मुदत एकदा वाढवून झाली होती आणि महिनाअखेर प्रबंध दिला नाही तर ती संपणार होती. फोटो एका बुधवारी आले.

सरांच्या टेबलावर सुमननं पाकीट उघडलं. मी त्याच खोलीत पंपाचा पट्टा बदलत होतो. पहिल्या फोटोंत नळ्या उभ्या होत्या, दाट, एकमेकींना टेकून, बांबूच्या बेटासारख्या. दोन ठिपक्यांच्या मधली जागा कोरी. सर खुर्चीतून उठले आणि त्यांनी सुमनच्या हातात हात दिला. मग शेवटचा फोटो आला. तो लांबून घेतलेला, सगळा तुकडा दाखवणारा होता. शंभर ठिपक्यांची चौकट, आणि चौकटीच्या बाहेर आणखी एक बेट. एकटंच.

"हे काय आहे?" सरांनी त्यावर बोट ठेवलं. "जागा आपण ठरवतो असं तुझ्या प्रबंधाचं नाव आहे. ही कुणी ठरवली?"

सुमननं वाकून फोटोतल्या ओळी पुन्हा मोजल्या.

"लोखंड लागलंय कुठून तरी. हाताचं, नाहीतर चिमट्याचं. सुमन, राग मानू नकोस. पण घरी सवय नसते, म्हणून सांगतो. हात स्वच्छ ठेवायला शिकावं लागतं."

तिनं हात टेबलावरून खाली घेतले. सर पुढं म्हणाले की परीक्षक पहिल्यांदा हाच फोटो उचलेल, आणि याचं कारण मिळाल्याशिवाय ते प्रबंधावर सही करणार नाहीत. सूक्ष्मदर्शकाची पुढची पाळी मिळेपर्यंत मुदत संपलेली असेल. त्यांनी तिला बारा दिवस दिले. बाराव्या दिवशी, सोमवारी, ते विद्यापीठाला काय ते कळवणार होते.

"रशीदभाई, तुम्हीही पाहा," असं म्हणून त्यांनी फोटो माझ्याकडं सरकवला. मी पाहिला आणि हातातला पाना खाली ठेवला. चौकटीच्या खाली, उजवीकडे, तिळाएवढं अंतर सोडून.

मेलेल्या सहा पट्ट्यांवर तो नव्हता, कारण त्यांतली एकही पूर्ण झाली नव्हती. सातवी पूर्ण झाली आणि माझ्या हातानं काम संपल्यावर जे आयुष्यभर केलं तेच केलं. मला विचारलंसुद्धा नाही. सुमननं मोजली ती चौकटीतली भोकं. बाहेर पाहायचं कुणाला काही कारणच नव्हतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण वर्षभर सगळा विभाग ‘रशीदभाईंची पट्टी’ म्हणून माझं कौतुक करत होता, पाहुण्यांना वर्कशॉप दाखवत होता, आणि मला ते गोड लागलं होतं. भीतीही होती, नोकरीची. पण भीतीचं नाव पुढं करून मी सुटणार नाही. मुख्य गोष्ट, मला लाज वाटली. मी पाना उचलला आणि पट्टा बसवू लागलो.

दुपारी सुमन वर्कशॉपमध्ये आली. "चाचा, पट्टी द्या नं. एकदा पाहून घेते."

"ते फाटली. फेकून देल्ली."

"कवा?"

"झाले आठ दिवस."

पट्टी माझ्या खणात होती. ती गेल्यावर मी मुशीत टाकून गॅसच्या ज्योतीखाली धरली. अडीच महिन्यांच्या कामाचा ज्वारीच्या दाण्याएवढा मणी झाला. तो मी नालीत टाकला. आयुष्यात केलेल्या कामांपैकी एवढं एकच मला कुणी विचारलं तरी सांगावंसं वाटत नाही, आणि बघा, तेच लिहितो आहे.

पुढचे दिवस सुमननं सगळं धुऊन काढलं. चिमटे आम्लात बुडवले, घुमट उतरवून पुसला, भट्टी रिकामी चालवून पाहिली. आणि हात धूत राहिली. वर्कशॉपच्या दारासमोरच बेसिन होतं. प्रत्येक वेळी ती तिथं येऊन नळ सोडायची. बोटांची टोकं पांढरी पडली, मग लाल झाली. धानोऱ्याकडं एका आश्रमशाळेत विज्ञानाच्या बाईंची जागा निघाली होती आणि ये म्हणून आईचे निरोपावर निरोप येत होते. ती येते म्हणत नव्हती, नाही म्हणत नव्हती. मी हे सगळं पाहत होतो आणि पंप दुरुस्त करत होतो. पंपाला काही झालेलं नव्हतं.

नवव्या दिवशी, शुक्रवारी, ती भांड्यांची घासणी घेऊन बोटं घासत होती. करंगळीतून रक्त आलं होतं. मी दारात आलो तेव्हा मागं न बघता तिनं विचारलं, "चाचा, आमच्या गावची माती लाल आहे. लोखंडाची. जल्मभर त्या मातीत राह्यलं तर लोखंड हातात राहून जाते का?"

मी जाऊन नळ बंद केला.

"तुह्या हातात काई नाई, बेटी. जे आहे ते माह्या हातात आहे."

आणि सगळं सांगितलं. पायरी, अब्बा, नुक्ता, सातवी पट्टी, मूस, नाली. ती ऐकत होती. मला वाटलं आता रडेल, नाहीतर तडक सरांकडं जाईल. तिनं ओढणीला हात पुसले.

"म्हणजे तिथी भोक होतं."

"होतं."

"तुमाले माहीत नोहतं. मलेही नोहतं. सरलेही नाई."

"नाई."

"तरी नळ्या तिथीच उगवल्या. बरोब्बर भोकाखाली." ती आता माझ्याकडं नाही, भिंतीकडं पाहून बोलत होती. "शंभर जागा आपण ठरवल्या होत्या, म्हणून आपण पाहाले गेलो. हे जागा कोणीच पाहत नोहतं. तरी नळ्यांनी नेम चुकवला नाई. चाचा, हे चूक नोहे. याच्याहून चांगली परीक्षा आपल्याले घेताच आली नसती."

माझ्या डोक्यात हे शिरायला जरा वेळ लागला. आम्ही दोघं तसेच सरांकडं गेलो. त्यांच्या डोक्यात लवकर शिरलं, पण ते दुसऱ्याच गोष्टीवर अडले.

"चूक समजू शकतो, रशीदभाई. पण पट्टी वितळवली? आता मी काय लिहू? भोक होतं, असं मेकॅनिक म्हणतात?"

बोलणं बरोबर होतं. त्यांनी मला समोर बसवून नवी पट्टी घ्यायला लावली आणि म्हणाले, आता घाला तो ठिपका. मी दहा वेळा घातला आणि दहा वेळा वेगळ्या जागी पडला. मुद्दाम घालायला गेलो की हाताला आठवेना. सर हताश होऊन खिडकीशी गेले.

सुमननं विचारलं, "तुम्ही नाव टाकलेले भांडे कुठी भेटन?"

शनिवारी सकाळपासून मी भद्रावतीत घरोघर फिरलो. ज्या बायकांच्या लग्नात नावं टाकली होती त्यांच्या दारात जाऊन भांडी उसनी मागायची, हे सोपं काम नाही. एकीच्या गंजात, म्हणजे पातेल्यात, वरण शिजत होतं. एकीला वाटलं भांड्यात काहीतरी खोट निघाली आणि कंपनी परत घेते आहे. विमलबाई नावाच्या आमच्या शेजारणीनं पितळेचा गडवा दिला, पण अट घातली. "भाऊ, मंगळवारी पाहुणे आहेत. त्याच्याआधी घासून-पुसून पाहिजे." रविवारी सात भांडी पिशवीत खडखडत एसटीनं चंद्रपूरला आली. सर सुट्टीच्या दिवशी, घरच्या चपलांवर प्रयोगशाळेत आले होते.

विभागात ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप असतो. पट्टीवर सरकणारी दुर्बीण म्हणा, बी.एस्सी.ची पोरं तिनं बारीक अंतरं मोजतात. सुमननं एकेक भांडं तिच्याखाली टेकवलं आणि नावाच्या शेवटच्या ठिपक्यापासून नुक्त्यापर्यंतचं अंतर मोजलं. मग सिलिकॉनचा तुकडा ठेवला आणि शेवटच्या ठिपक्यापासून त्या एकट्या बेटापर्यंतचं मोजलं. सरांचा विश्वास बसेना, त्यांनी सगळी मापं स्वतः पुन्हा घेतली. केसाइतका फरक इकडंतिकडं. अंतर तेच, उतारही तोच. लग्नाच्या भांड्यांवर आणि नखाएवढ्या सिलिकॉनवर एकाच माणसाचा हात चालला होता.

सरांनी चष्मा काढला. तो पुसून ते सुमनकडं वळले.

"सुमन, त्या दिवशी हातांबद्दल मी बोललो..."

"राहू द्या, सर."

"नाही. राहू द्यायचं नाही. चुकलं माझं."

सोमवारी त्यांनी सहीला होकार दिला. सुमननं प्रबंधात त्या बेटासाठी वेगळं प्रकरण लिहिलं आणि त्याला ‘नुक्ता’ असंच नाव दिलं. ‘मेकॅनिकची चूक’ असे शब्द सरांनी सुचवले होते, ते तिनं घेतले नाहीत.

तोंडी परीक्षेला विमलबाईंचा गडवा पुन्हा आला, या वेळी जास्त कडक अटींवर. बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, कमी बोलणारे. त्यांनी तो शेवटचाच फोटो पहिला उचलला. सुमननं गडवा त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो हातात फिरवून मोठ्यानं वाचला, "चि. विमल हिस मामाकडून." हॉलमध्ये हशा पिकला. मग त्यांनी भिंग मागितलं, नुक्ता पाहिला, फोटो पाहिला, परत नुक्ता पाहिला आणि पुढचा सगळा वेळ त्या एकाच प्रकरणावर प्रश्न विचारले. शेवटी दारापाशी उभ्या असलेल्या मला त्यांनी विचारलं, पुढच्या कामात तुम्ही हा ठिपका टाळणार का. मी म्हटलं, साहेब, प्रयत्न करीन, हाताचं काही सांगता येत नाही.

संध्याकाळी सगळे गेल्यावर सुमन पेढे घेऊन वर्कशॉपमध्ये आली आणि त्याच स्टुलावर बसली. तिला डॉक्टरबाई म्हणून झालं, चहा झाला. मला राहवेना.

"बेटी, ते नऊ दिवस मले माफ कर. पह्यल्याच दिवशी माहीत होतं मले, आणि मी गप्प राह्यलो."

"मलेही माहीत होतं, चाचा."

मी पेढा खाली ठेवला.

"तुम्ही तुटलेला स्क्रू फेकत नाई. जळलेला बल्ब फेकत नाई. आणि पट्टी फेकली म्हणता? तवाच समजलं का तुम्ही काईतरी लपवून राह्यले. काय, ते तेवढं समजत नोहतं."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुम्ही सांगान, असं वाटत होतं. सोमवारपर्यंत थांबाचं ठरवलं होतं. सोमवारी मात्र सरले सांगून टाकलं असतं." ती हसली. "मी काई देव नाई."

"आणि हात? इतके काऊन घासले मंग?"

"पह्यले दोन दिवस खरंच घासले. मंग तुमाले दिसावं म्हणून घासले. बेसिन दुसऱ्या टोकालेही आहे नं."

मला हसूही आलं आणि डोळेही भरले. मुलीनं मला बरोबर ओळखलं होतं, माझ्या चुकीसकट. थोड्या वेळानं मी विचारलं, "म्हणजे शुक्रवारी ते मातीचं विचारलं, तेही मले ऐकवाले?"

सुमननं आपल्या दोन्ही हातांकडं पाहिलं. करंगळीवरची खूण अजून गेली नव्हती.

"नाई चाचा," ती म्हणाली. "ते खरंच विचारलं होतं."